भाव आणि मोल : मावळच्या पाण्याचा एक हिशेब

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांना घेऊन लोणावळ्याला गेलो होतो. पावसाळा नुकताच सरला होता, वळवणचे तळे काठोकाठ भरले होते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. पाणी दिसले की आम्हांला संतसाहित्य आठवते. तेव्हा सवयीप्रमाणे आम्ही सांगू लागलो, की इंद्रायणीचा उगम येथूनच जवळ, कुरवंड्याच्या बाजूला आहे. ती देहू-आळंदीवरून पुढे तुळापूरला भीमेस मिळते. आणि हीच भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते. म्हणजे या तळ्यातले पाणी आणि वारकऱ्यांच्या स्नानाचे पाणी एकच. अंदर मावळातून शिकायला येणारा एक विद्यार्थी हे सारे शांतपणे ऐकत होता. आमचे संपल्यावर तो म्हणाला, "सर, पण हे पाणी आळंदीला जात नाही. हे खाली खोपोलीला जाते."

त्याचे म्हणणे बरोबर होते. आम्ही ओशाळलो. मुंबई-पुणे रेल्वेने वर्षानुवर्षे प्रवास करताना खोपोलीच्या बाजूला घाट उतरणारे मोठे नळ आम्ही पाहिले होते. 'टाटाची धरणे' हा शब्दही कानावरून गेला होता. परंतु ज्या नदीवर आपण तासन् तास बोलतो तिच्या माथ्यावरचे पाणी शंभर वर्षांहून अधिक काळ उलट्या दिशेने वाहते आहे, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. हे पाणी कोणी, कशासाठी आणि कोणत्या हिशेबाने वळवले, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागे लागला. अर्थशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही ऊर्जेचा बाजार आणि पर्यावरणाचे धोरण या आज फार चर्चिल्या जाणाऱ्या विषयाचा एक मोठा अध्याय आपल्या अंगणात लिहिला गेला आहे, आणि तो मराठी वाचकाने आपला म्हणून वाचला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

कोळसा, धूर आणि पाऊस

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कापड गिरण्या वाफेवर चालत आणि वाफेसाठी कोळसा लागे. मुंबईच्या आसपास कोळसा नाही. तो बंगाल-बिहारच्या खाणींतून देश ओलांडून रेल्वेने यावा, नाहीतर परदेशातून जहाजाने. म्हणजे मुंबईच्या गिरणीमालकाच्या खर्चात कोळशापेक्षा कोळशाच्या वाहतुकीचाच भार मोठा. शिवाय गिरण्यांच्या धुराने शहर काळवंडत चालले होते. १९१२ साली मुंबई सरकारला धुराच्या उपद्रवाविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला. आज आपण ज्याला पर्यावरणीय नियमन म्हणतो, त्याचा हा आपल्याकडील आरंभीचा नमुना म्हणता येईल.

याच मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर सह्याद्रीचा माथा आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सारा चार महिन्यांत पडतो. घाटमाथ्याच्या पश्चिमेला जमीन एकदम पाचशे मीटर खाली कोसळते. पूर्वेला मात्र ती हळूहळू उतरत बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. माथ्यावर पडलेला थेंब निसर्गतः पूर्वेला जातो. त्याला अडवून, बोगद्यातून पश्चिमेच्या कड्यावर आणून खाली सोडले, तर त्या पडण्यातून वीज निर्माण होते. डेव्हिड गोस्लिंग या मुंबईतील वास्तुविशारदाने ही कल्पना मांडली, जमशेटजी टाटांनी ती उचलली. जमशेटजी १९०४ साली वारले. योजना प्रत्यक्षात आणली ती दोराबजी टाटांनी. लंडनच्या पैसेवाल्यांकडून अपेक्षित भांडवल मिळेना, तेव्हा ते देशातच उभे करण्यात आले आणि त्यात संस्थानिकांचा मोठा वाटा होता. १९१० साली 'टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी' स्थापन झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते वळवण येथे धरणाचा पायाभरणी समारंभ झाला आणि बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी खोपोलीच्या वीजघराचे उद्घाटन केले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तीन तळ्यांचे पाणी खोपोलीला उतरू लागले आणि सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरच्या मुंबईत गिरण्या त्यावर फिरू लागल्या.

या उद्योगाचे कर्तृत्व कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परक्या सत्तेखाली, देशी भांडवलावर, एवढे मोठे काम उभे राहणे ही त्या काळी अभिमानाचीच गोष्ट होती. पहिल्या महायुद्धाने वाहतूक विस्कळीत केली, कोळसा महागला, आणि हे पाणी आणखीच मोलाचे ठरले. मागणी वाढली, १९१६ साली आंध्रा व्हॅली कंपनी निघाली. अंदर मावळात ठोकरवाडीचे धरण होऊन १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. त्यानंतर पाळी आली मुळशीची.

'बुडीत' या शब्दाचे दोन अर्थ

येथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पाऊस चार महिने आणि गिरणी बारा महिने. तेव्हा पाऊस साठवून ठेवल्याखेरीज वीज बारमाही होत नाही. कोळशाची वखार लागते तशी पावसाचीही वखार लागते, आणि पावसाची वखार म्हणजे एखादे संपूर्ण खोरे. सपाट, सकस, पाण्याजवळची, म्हणजे भाताच्या खाचरांची जमीन नेमकी खोऱ्याच्या तळाशी असते. तळे भरते तेव्हा सर्वांत आधी तीच जाते. डोंगरउतारावरची नाचणी-वरईची जमीन राहते. पण जी जमीन घर चालवते ती जाते.

मराठीत आपण 'बुडीत क्षेत्र' म्हणतो आणि 'बुडीत कर्ज'ही म्हणतो. एकात पाण्याखाली गेलेली जमीन आहे, दुसऱ्यात परत न येणारा पैसा. कंपनीच्या हिशेबात जमिनीची किंमत हा एकदा करायचा खर्च होता, तो चुकता झाला की खाते बंद. ज्याची जमीन गेली त्याच्या दृष्टीने मात्र ते कायमचे बुडीत खाते होते.

हा हिशेब कोणत्या नियमाने होत असे? १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. हा कायदा आम्ही मुद्दाम वाचून पाहिला. त्याची भाषा फार शिकवून जाते. नुकसानभरपाई म्हणजे अधिसूचनेच्या दिवशीचा बाजारभाव, आणि संपादन सक्तीचे म्हणून त्यावर शेकडा पंधरा. ज्या गोष्टी भरपाई ठरवताना मुळीच विचारात घ्यायच्या नाहीत, त्यांची यादीही चोविसाव्या कलमात दिली आहे. त्या यादीतील दोन बाबी येथे पुरेत. एक, जमीन सोडण्याविषयी मालकाची नाखुशी. दुसरी, संपादनानंतर ज्या कामासाठी जमीन वापरली जाईल त्यामुळे तिच्या मूल्यात होऊ शकणारी वाढ. साध्या शब्दांत सांगायचे तर, तुला द्यायची नाही हे आम्ही मोजणार नाही, आणि आम्हांला तिच्यातून काय मिळणार हेही मोजणार नाही. बाजारात कोणताही सौदा नेमक्या या दोन गोष्टींवर ठरतो : विकणाऱ्याची नाखुशी किती आणि घेणाऱ्याची गरज किती. त्या दोन्ही वगळून जो उरतो त्याला कायद्याने 'बाजारभाव' म्हटले. तो भाव होता, यात शंका नाही; पण ज्यात विकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही त्याला बाजार म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

हाच प्रश्न मुळशी पेट्यातील मावळ्यांनी विचारला. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून पन्नासहून अधिक गावे बाधित होणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ही मंडळी त्यात होती, आणि बापटांना 'सेनापती' ही पदवी या लढ्यानेच दिली. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. ती ऐकताना आपल्याला वीरश्री जाणवते. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही ती एक नेमकी विधान करते. जमिनीची किंमत पैशांत सांगता येत नाही, ती जिवाच्या मापाने सांगावी लागेल, असे ती म्हणते. मराठीत 'भाव' आणि 'मोल' हे दोन शब्द निराळे आहेत, ते उगाच नव्हे. भाव ठरतो, पडतो, चढतो, मोल असते. कायदा भावाविषयी बोलत होता, घोषणा मोलाविषयी.

काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, माणसे तुरुंगात गेली. गांधीजींनी एप्रिल १९२१ मध्येच 'यंग इंडिया'त लिहून या प्रश्नाकडे टाटांचे लक्ष वेधले होते. पण लढा आतून एकसंध नव्हता. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाचा जो सखोल अभ्यास केला आहे, त्यात हे स्पष्ट दिसते. पुष्कळ जमीन पुण्यातील सावकारांच्या नावावर होती आणि मावळे ती कसत होते. ज्याच्या नावावर जमीन त्याला मोबदला. ज्याच्या हाताखाली जमीन त्याला काय? सावकारांना चांगला भाव मिळाला की त्यांचा विरोध ओसरणे स्वाभाविक होते. कुळाला मात्र भाव मिळणारच नव्हता. त्याच्यापाशी केवळ मोल होते. पुढे १९२४ साली बापटांनी सशस्त्र मार्ग धरून रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पूर्ण झाले. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

या लढ्यात राष्ट्रवाद दोन्ही बाजूंना होता, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. एकीकडे स्वदेशी उद्योग, दुसरीकडे स्वराज्याचा शेतकरी. मुळशीच्या मावळ्याला परका माणूस उठवत नव्हता, तर ज्याचा देशाला अभिमान वाटत होता असा आपलाच उद्योग उठवत होता. स्वातंत्र्यानंतर कोयनेपासून नर्मदेपर्यंत जे प्रश्न उभे राहिले त्यांचे मूळ येथे आहे.

मोजणारे आणि मोजले जाणारे

याच काळात पुण्यात ग्रामीण अर्थकारण मोजण्याची एक नवी रीत आकाराला येत होती. कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मान यांनी १९१७ साली पवनेच्या काठच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. घरोघर जाऊन जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती, मजुरी किती, आणि या साऱ्यातून ते कुटुंब स्वतःच्या राहणीची गरज भागवू शकते की नाही, हे त्यांनी विचारले. बाजारभावाच्या पलीकडे जाऊन 'हे घर कशावर चालते?' असा प्रश्न विचारणारी ही पाहणी होती. भूसंपादन अधिकाऱ्याच्या पंचनाम्यात नेमका हाच प्रश्न नसतो.

पुढे १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळांनी १९४८ साली गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कालव्याचा लाभ म्हणजे केवळ सरकारला मिळणारी पाणीपट्टी नव्हे; वाढलेले पीक, मजुरी, व्यापार, कारखाने हे अप्रत्यक्ष लाभही मोजले पाहिजेत, असा त्यामागचा विचार होता. भारतातील प्रकल्पांच्या लाभ-खर्च विचाराच्या इतिहासात या अभ्यासाला मानाचे स्थान आहे. त्याची दिशा उदार होती. सरकारी तिजोरीपुरता संकुचित हिशेब त्याने समाजापर्यंत रुंद केला. मात्र हिशेबाची एक बाजू अशी रुंद झाली, की दुसरीही तितकीच रुंद व्हावी लागते. लाभ अप्रत्यक्ष असतात तसे तोटेही अप्रत्यक्ष असतात. तळ्याखाली गेलेल्या गावाबरोबर बाजार, सोयरिकी, देवस्थान, गायरान आणि रानातून मिळणारे सरपण-औषध जाते. ही बाजू मोजायला आपल्याकडे आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली.

हजार लिटर पाणी, एक युनिट वीज

आता थोडे गणित. वाचकांनी कंटाळू नये. एक हजार लिटर, म्हणजे एक घनमीटर, पाणी पाचशे मीटर खाली पडले तर भौतिकशास्त्राच्या नियमाने त्यातून सुमारे १.३६ युनिट ऊर्जा मिळते. नळातील घर्षण आणि यंत्रांतील घट वजा जाता हाती एक युनिटहून थोडी अधिक वीज येते. तेव्हा हा भाग स्मरणात ठेवायला सोपा आहे : घाटावरचे हजार लिटर पाणी म्हणजे मुंबईतील साधारण एक युनिट वीज. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाण्यातून तीन कोटी युनिटांहून अधिक.

कृष्णा पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने भीमा खोऱ्यातून टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली : कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसी, आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. म्हणजे सरासरी वर्षाला ४२.४ टीएमसी. वरच्या हिशेबाने यातून सव्वाशे कोटी युनिटांच्या पुढे वीज होते. हेच पाणी पूर्वेला राहिले असते तर? हेक्टरी दहा हजार घनमीटर, म्हणजे शेतावर वर्षभरात एक मीटर उंचीचे पाणी, धरले तर एका टीएमसीत सुमारे दोन हजार आठशे हेक्टर भिजते. उसाला याहून पुष्कळ जास्त लागते, ज्वारीला पुष्कळ कमी. सोलापूर-मंगळवेढ्याच्या कोरड्या शिवारात उभ्या असलेल्या माणसाला हे आकडे निराळे दिसणार आणि मुंबईत उद्वाहनात उभ्या असलेल्या माणसाला निराळे. गेल्या काही वर्षांत दुष्काळ पडला की 'टाटांच्या धरणांचे पाणी भीमा खोऱ्याला परत द्या' ही मागणी पुनःपुन्हा वर येते, ती यामुळेच.

मात्र न्याय करायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वीजघरातून बाहेर पडलेले पाणी सरळ समुद्राला मिळत नाही. भिवपुरीचे पाणी उल्हास नदीत येते आणि त्या नदीवर आज लाखोंच्या वस्तीची शहरे जगतात. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत आणि भिऱ्याचे कुंडलिकेत जाते. त्यांच्या काठी कारखाने आणि गावे आहेत. शंभर वर्षांत या वळवलेल्या पाण्याभोवती नवा समाज वसला आहे. पाणी मागे घेतले तर तोही उठतो. शिवाय ही वीज कोळशातून करायची झाल्यास दर युनिटमागे हवेत सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साईड जातो. वाचलेला धूर ही खरीच कमाई आहे. तेव्हा येथे उद्योग विरुद्ध निसर्ग असा सोपा सामना नाही. नदी आणि हवा, दोन्ही पर्यावरणच. आणि या घाटावर ती एकमेकांसमोर उभी आहेत.

दर ठरवण्याचा अधिकार

पाण्याचा हिशेब असा अडकला असताना विजेच्या हिशेबाची पद्धत मात्र बदलत गेली. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने खासगी वीज कंपन्यांच्या नफ्याला मर्यादा आणि दरांना शिस्त आली. १९५६ साली ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र सुरू झाले; त्यानंतर घाटातली वीज मुंबईची एकमेव आधार न राहता, मागणी एकदम वाढते त्या घटकेला कामाला येणारी वीज झाली. तळ्याचा दरवाजा उघडला की काही मिनिटांत वीज मिळते. कोळशाच्या भट्टीला ते जमत नाही.

नंतर एन्रॉनचे प्रकरण घडले. दाभोळच्या प्रकल्पातील वीज वापरा वा न वापरा, स्थिर आकार द्यावाच लागेल, आणि तोही डॉलरच्या भावाशी बांधलेला, असा करार राज्य वीज मंडळाने केला होता. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. या काळात पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतील अभ्यासकांनी करारातले आकडे उलगडून सामान्य वाचकांपुढे ठेवले. वीजकरार हा गोपनीय तांत्रिक दस्तऐवज नसून सार्वजनिक वाचनाचा विषय आहे, हे आपल्याला या मंडळींनी शिकवले. ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला, २००३ चा वीज कायदा आला. आता दर ठरवण्यापूर्वी जाहीर सुनावणी होते आणि कोणीही ग्राहक तेथे उभा राहून 'हा खर्च आमच्या माथी का?' असे विचारू शकतो.

हा मोठाच बदल आहे. परंतु सुनावणी ग्राहकाची होते. ज्याच्याकडे मीटर आहे त्याला प्रश्न विचारता येतो. ज्याच्या खाचरांवर तळे आहे तो दराच्या सुनावणीत पक्षकार नसतो, आणि नदीला तर वकीलपत्रच नसते. १९२१ साली कुळाची जी अडचण होती, तीच येथे निराळ्या रूपाने भेटते : हिशेबाच्या वहीत ज्याचे नाव नाही त्याचे नुकसानही नाही.

ऑगस्ट २०११

मावळच्या इतिहासात ऑगस्ट २०११ हा महिना आम्हांला विसरता येत नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्टला मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊर येथे उतरले. पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्यू पावले; त्यांत एक स्त्री होती. नदीतून पाणी वाहत गेले तर काठच्या शेतांना ते मिळते, नळातून गेले तर मिळत नाही, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. नळ आणि नदी यांतला हा फरक मावळाला नव्वद-शंभर वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होता.

त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ ऑगस्टला, पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने आपला अहवाल केंद्र सरकारला सादर केला. गटाचे अध्यक्ष माधव गाडगीळ, म्हणजे धनंजयरावांचे पुत्र. वडिलांनी कालव्याच्या लाभाचा हिशेब सरकारी तिजोरीपलीकडे नेला. मुलाने घाटाच्या मोलाचा हिशेब पैशापलीकडे नेला, आणि कोठे काय व्हावे हे ठरवताना ग्रामसभेला विचारले पाहिजे असा आग्रह धरला. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. आम्हांला मात्र त्यात पुण्याच्या एका अभ्यासपरंपरेचे वाढत जाणे दिसते. अहवाल लोकांसमोर यायला मात्र २०१२ चा मे महिना उजाडावा लागला.

पुन्हा शिरवटा

ही सारी जुनी गोष्ट झाली, असे वाचकांस वाटेल. तसे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी दोन उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा सामंजस्य करार केला : शिरवटा येथे १,८०० मेगावॅट आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॅट. तिन्ही जुन्या वीजघरांची मिळून क्षमता ४४७ मेगावॅट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे आकारमान कळते.

उदंचन म्हणजे पाणी वर उपसणे. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते, तेव्हा विजेचा भाव पडतो. त्या स्वस्त विजेने खालचे पाणी वरच्या तळ्यात चढवायचे. संध्याकाळी सूर्य मावळला, दिवे-पंखे लागले आणि भाव चढला, की ते खाली सोडायचे. या फेऱ्यात शंभर युनिट खर्चून पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. म्हणजे निव्वळ ऊर्जेत हा तोट्याचा व्यवहार आहे. फायदा आहे तो वेळेच्या फरकात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने उद्योग व व्यवसायांसाठी सौर तासांत किमान वीस टक्के स्वस्त आणि गरजेच्या तासांत त्याच प्रमाणात महाग वीजदराचे नियम केले, ते याच फरकाला मान्यता देण्यासाठी. कोळसा कमी करायचा असेल तर सूर्याची वीज साठवावी लागेल, आणि साठवणीची ही रीत बॅटरीपेक्षा जुनी व पारखलेली आहे. याला विरोध करणे आम्हांला योग्य वाटत नाही.

पण शंभर वर्षांपूर्वी पावसाची वखार होती, आता उन्हाची वखार होणार आहे. आणि दोन्ही वेळा वखारीची जागा मावळच आहे. तेव्हा हिशेब पहिल्यापेक्षा पुरा व्हावा एवढी अपेक्षा ठेवणे वावगे नाही. कोणते रान, कोणता झरा, कोणाची चराई यात जाते? संध्याकाळच्या चढ्या भावातून होणाऱ्या कमाईचा काही वाटा ज्या खोऱ्यात ती साठवली त्या खोऱ्याला मिळतो का? १८९४ चा कायदा आता नाही. त्याच्या जागी आलेल्या २०१३ च्या कायद्याने सामाजिक परिणामांची पाहणी आणि केवळ मालकाचाच नव्हे, तर त्या जमिनीवर पोट असणाऱ्याचाही विचार करायला सांगितले. मान यांनी १९१७ साली घरोघर विचारलेला प्रश्न अखेर कायद्याच्या पुस्तकात आला. तो कागदावरून शिवारात यावा, एवढेच राहिले आहे.

त्या सहलीवरून परततानाची गोष्ट सांगून थांबतो. गाडी घाट उतरत नव्हती, पुण्याकडे निघाली होती. कामशेत गेल्यावर इंद्रायणी रुळांजवळ दिसू लागली. आम्ही त्या विद्यार्थ्याला विचारले, की तुमच्या घरी या तळ्यांविषयी काय बोलतात? तो म्हणाला, "फार काही नाही. आजी उन्हाळ्यात पाणी उतरले की काठावर उभी राहून शेताचा जुना बांध दाखवते. दरवर्षी एकदा. मग पाऊस येतो."

त्या बांधाचा भाव चुकता झालेला आहे. आम्ही तो विद्यार्थी मराठीच्या वर्गात शिकवायला घेतला होता. त्या दिवशी धडा त्याने दिला. आता इंद्रायणीवर बोलताना आम्ही आळंदी सांगतो, पंढरपूर सांगतो, आणि खोपोलीही सांगतो.